मतपेटी उशिरा आली: गिरणगावातल्या एका कमिटीचा प्रकरण अभ्यास (१९८१–१९८५)

हे प्रकरण परळ-लालबाग पट्ट्यातल्या एका कापड गिरणीच्या कमिटीचे आहे. गिरणीचे नाव आणि माणसांची नावे काढली आहेत. माणसे त्यांच्या कामावरून ओळखू या. कोण कोण होते ते कळू नये म्हणून घरचे तपशील थोडे फिरवले आहेत. तारखा, कायदा, निवडणुका आणि जाहीर माणसे मात्र जशीच्या तशी.

मुंबईतल्या १९८२ च्या गिरणी संपाचा विषय निघाला की वाद एकाच जागी अडकतो: डॉक्टर, म्हणजे संपाचे नेते दत्ता सामंत, चुकले की मालकांनी फसवले? मला त्यात शिरायचे नाही. अकरा जणांच्या कमिटीसमोर कोणत्या टप्प्यावर कोणता प्रश्न आला, तो कोणी सोडवला आणि कोणता प्रश्न कोणीच हातात घेतला नाही, एवढेच मांडतो. संघटनेत काम करणाऱ्याला याचा उपयोग जास्त. नेता कसा मिळेल हे आपल्या हातात नसते, बैठक कधी बोलवायची हे असते.

पार्श्वभूमी

१९८० च्या आसपास मुंबईत साठच्या वर कापड गिरण्या होत्या आणि त्यांत सुमारे अडीच लाख कामगार. एके काळी गिरणीतली नोकरी म्हणजे पक्की नोकरी. सोयरीक जमवताना 'मुलगा गिरणीत आहे' एवढे सांगणे पुरायचे. सत्तरच्या दशकात हे पालटले. इंजिनिअरिंगच्या आणि औषधांच्या कारखान्यांत पगार चढत गेले, गिरणीतले रेंगाळले. आपल्या कमिटीतल्या एका साचेवाल्याचा, म्हणजे मागावर कापड विणणाऱ्याचा, धाकटा भाऊ विक्रोळीला कारखान्यात लागला. वयाने बारा वर्षांनी लहान, पगार थोरल्याहून जास्त. दोघे एकाच दहा बाय बाराच्या खोलीत. पगाराच्या दिवशी खोलीत दोन पाकिटे यायची, आणि थोरला आपले पाकीट न मोजता बायकोच्या हातात द्यायचा.

धंद्याचे दुखणे वेगळे होते. यंत्रे जुनाट. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग तेच कापड स्वस्तात काढायचे, कारण तिथे ना प्रॉव्हिडंट फंड, ना पाळीचे ठरलेले तास, ना युनियन. गिरणीतला नफा गिरणीत घालण्यापेक्षा दुसऱ्या धंद्यांत घालणे मालकांना परवडत होते. गोदामात माल तुंबला होता. देशही ओढगस्तीत होता: महागाई, तेलाची बिले, आणि नोव्हेंबर १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून घेतलेले भलेमोठे कर्ज. अत्यावश्यक सेवांतल्या संपांवर बंदी घालता येईल असा 'एस्मा' कायदा त्याच वर्षीचा. बाजारात उठाव नाही, सरकार आवळते आहे, अशा वेळी कामगार वीस वर्षांचा हिशेब मागायला निघाला. संपाला मुहूर्त वाईटच होता. पण कामगार काही मुहूर्त बघून चिडत नाही.

बदली कामगारांबद्दल दोन शब्द जास्त लिहायला हवेत, कारण पुढचे बरेच त्यांच्यावर फिरते. बदली म्हणजे रोज पाळीच्या वेळी गेटवर हजर राहायचे. कायम कामगार आला नसेल तर आत, नाहीतर घरी. महिन्यात किती दिवस भरतील याची शाश्वती नाही. अशी दहा-दहा वर्षे काढलेली माणसे होती. त्यांना कायम करा ही मागणी संपाच्या यादीत होती, पगारवाढीच्या खालोखाल. आपल्या कमिटीत अकरांपैकी दोन बदली होते. गिरणीतल्या त्यांच्या संख्येच्या मानाने ते फारच थोडे, हे तेव्हा कोणाला खटकले नाही.

आता कायदा. मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६. गिरणगावात त्याला 'काळा कायदा' म्हणत. या कायद्याने एका भागातल्या एका उद्योगात एकच युनियन 'प्रातिनिधिक' ठरते, आणि त्यासाठी पंचवीस टक्के सभासद दाखवले की भागते. मालकाशी करार तीच करणार, न्यायालयात कामगारांच्या वतीने तीच उभी राहणार. ही जागा होती इंटकच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे, म्हणजे सत्तेतल्या काँग्रेसच्या घरात. त्यामुळे गेटवरचा भांडणाचा मुद्दा मंत्रालयापर्यंत आपोआप पोचायचा आणि तिथेच विरायचा.

आणखी एक संदर्भ. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपातून लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली होती. १९७४ मध्ये ४२ दिवसांचा संप झाला. पण मधल्या काळात गिरणगावाचे राजकारण फिरले होते. १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि पोटनिवडणुकीत शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. शिवसेनेचे ते पहिले आमदार. हे नाव शेवटाकडे पुन्हा येईल.

पेच

१९८१ च्या दिवाळीत बोनसवरून ठिणगी पडली. मान्यताप्राप्त युनियनने केलेला करार कामगारांना मान्य नव्हता, आणि काही गिरण्या उत्स्फूर्तपणे बंद पडल्या. कामगारांचे जथे घाटकोपरला डॉ. दत्ता सामंतांच्या घरी गेले. सामंत पेशाने डॉक्टर; खाणीत दगड फोडणाऱ्या मजुरांचे दवापाणी करता करता त्यांच्या लढ्यात उतरलेले. इंजिनिअरिंग कारखान्यांत त्यांनी घसघशीत वाढी मिळवून दिल्या होत्या. कंपनीचा ताळेबंद पाहून मागणी ठरवायची नाही, ही त्यांची रीत. गिरण्यांचे नेतृत्व घ्यायला ते सुरुवातीला राजी नव्हते. त्या नाखुशीचे कारण तेव्हा कोणी नीट विचारले असते तर बरे झाले असते.

आपल्या गिरणीतली कमिटी याच आठवड्यांत बनली. निवडणूक वगैरे झाली नाही. जे गेटवर पुढे होऊन बोलत होते, ते कमिटीत. चार साचेवाले, त्रासन (सूतकताई) खात्यातले तिघे, एक जॉबर (मुकादम), दोन बदली आणि लाल बावट्याच्या जमान्यातले एक काका, ज्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती.

समोरचे पर्याय

बैठक झाली चाळीच्या गच्चीवर, रात्रपाळी सुटल्यावर. तिथे तीन वाटा मांडल्या गेल्या.

पहिली वाट जॉबरची. ते म्हणाले, मान्यता कोणाकडे आहे ते आधी बघा. डॉक्टर कितीही मोठे असोत, मालक त्यांच्याशी बोललाच नाही तर कायदा त्याच्या बाजूचा आहे. मिल मजदूर संघातच शिरू, सभासद होऊ, आतून बदलू. यावर गच्चीवर हशा झाला. सभासदत्वाच्या पावत्या कशा फाडल्या जातात याचे किस्से प्रत्येकाकडे होते.

दुसरी वाट काकांची. नवी युनियन काढा, पण संप लगेच नको. आधी वर्गणी, पावत्या, वहीत नावे. पंचवीस टक्के काय, साठ टक्के सभासद करा आणि मान्यतेसाठी रीतसर दावा लावा. मान्यता नाकारली तर गाऱ्हाण्याला कागद राहतो. काकांनी हिशेबही केला: सगळ्या गिरण्यांत मिळून हे व्हायला सहा-आठ महिने लागतील.

तिसरी वाट उरलेल्या आठ-नऊ जणांची: डॉक्टर आणि थेट संप. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. कामगार आत्ता तापला आहे, आठ महिन्यांनी राहील का? शिवाय कायदाच मोडायचा तर त्याच कायद्याच्या दारात अर्ज कशाला?

पहिला निर्णय: थेट संप

कमिटीने तिसरी वाट धरली. मतदान घेतले नाही. आवाजावरून कळत होते, म्हणून कोणाला गरज वाटली नाही.

राजकीय वेळही अशी जुळली की सगळेच अधांतरी. सिमेंट प्रकरणात अडकलेले मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जानेवारी १९८२ मध्ये राजीनामा दिला, आणि बाबासाहेब भोसले २१ जानेवारीला आले. मधल्या त्या दिवसांत, १८ जानेवारीला, मुंबईच्या गिरण्यांचे भोंगे वाजले पण आत कोणी गेले नाही. दुसऱ्याच दिवशी, १९ जानेवारीला, केंद्रीय कामगार संघटनांनी देशभर संप पुकारला होता. गच्चीवर कोणीतरी म्हणाले की आता दिल्लीही हलणार. आपला बेमुदत संप आणि त्यांचा एक दिवसाचा यांत काय फरक आहे, हे त्या दिवशी कोणी बोलले नाही.

नेता आणि मागण्या ठरल्या. परत कोणत्या अटीवर यायचे, हे ठरले नाही. बोनस आणि पगारवाढ मिळाली पण मान्यतेचा कायदा तसाच राहिला तर? कायदा गेला पण वाढ निम्मीच मिळाली तर? सामंतांच्या महाराष्ट्र गिरणी कामगार युनियनच्या मागण्यांत पगार होता, घरभाडे होते, रजा होत्या, बदली होते आणि काळा कायदाही होता. यांतले काय सोडता येईल आणि काय प्राण गेला तरी नाही, याची उतरंड आपल्या कमिटीत कधीच लावली गेली नाही.

टिकाव

पहिले सहा महिने संप जबरदस्त टिकला. गावाकडून तांदूळ, नाचणी, शेंगा आल्या. साताऱ्याच्या, कोल्हापूरच्या आणि कोकणातल्या गावकी मंडळांनी खोल्यांवर धान्य वाटले. डॉक्टरांच्या दुसऱ्या कारखान्यांतल्या कामगारांनी वर्गणी दिली. डाव्या संघटनांनी मतभेद बाजूला ठेवून पाठिंबा दिला. बरेच कामगार मुलुखाला गेले, म्हणजे खर्च वाचला. पण गेटही ओस पडले.

ज्यांची आठवण कमी निघते त्या खानावळवाल्या बायका. एकेका बाईकडे पंधरा-वीस गडी जेवायचे, पगाराला हिशेब चुकता करायचे. संपात गडी गावी गेले, जे राहिले ते उधारीवर. आपल्या साचेवाल्याच्या चाळीतल्या एका बाईने तीन महिने उधारीवर जेवू घातले, मग मंगळसूत्रातले मणी ठेवून डोरले विकले. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये सुरू केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाशी अशा अनेक जणी जोडलेल्या होत्या. पण आपल्या कमिटीत एकही बाई नव्हती, आणि संप किती दिवस खेचता येईल याचा खरा आकडा ज्यांच्या चुलीपाशी होता, त्यांना बैठकीला कोणी बोलावले नाही. या प्रकरणातली सर्वांत साधी आणि सर्वांत महाग चूक मला हीच वाटते.

दुसरा निर्णय: पावसाळा १९८२

अधूनमधून सरकारकडून थोडी अंतरिम वाढ आणि उचल देऊन कामावर बोलावण्याच्या गोष्टी निघत. एका बैठकीत त्रासनमधल्या एकाने विषय काढला: वाढ घेऊन आत जाऊ, आत जाऊन लढू. दोन साचेवाले उठून उभे राहिले. जॉबर गप्प. काकांनी विचारले, "गिरणीतल्या किती जणांना परत जायचंय, कोणाला ठाऊक आहे का?" कोणालाच ठाऊक नव्हते. निम्मी गिरणी गावी होती. मग प्रश्न मतदानाने सोडवायचा का, यावर चर्चा झाली. ठरले असे की मतदान घेतले म्हणजे मालकाला कळेल की आपल्यात दुमत आहे. म्हणून विषयच सोडून दिला.

या मुद्द्यावर मी बराच विचार केला आहे. दुमत मालकाला कळेल ही भीती खरी होती. पण दुमत होतेच, आणि ते मालकाला जॉबरमार्फत कळत होतेच. न कळलेले फक्त कमिटीला.

१८ ऑगस्टला मुंबईच्या पोलिसांनी बंड केले. गिरणगावात लोक रस्त्यावर आले, सैन्य बोलवावे लागले. त्या दिवसांत कमिटीतल्या तरुणांना वाटले की सगळे शहर आता आपल्याबरोबर उठते आहे. काही दिवसांत बंड मोडले, आणि नंतर सरकारचा हात सैल होण्याऐवजी आणखी घट्ट झाला. काकांच्या शब्दांत, "शेजारच्या घरात आग लागली म्हणून आपला भात शिजत नाही."

तिसरा निर्णय: भिवंडीला गेलेले

१९८२ च्या अखेरीस कमिटीतल्या दोन बदल्यांपैकी एक दिसेनासा झाला. नंतर कळले की तो भिवंडीला यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीत लागला आहे. संपातले अनेक जण तसेच गेले होते. गिरणीमालक आपल्या छापाचे कापड तिथूनच विणून घेत होते. म्हणजे गिरणी बंद ठेवणारा कामगार भिवंडीत त्याच मालकासाठी विणत होता, आणि तेही कमी मजुरीत. मालकाचा साठलेला माल संपात विकला गेला, नवा माल बाहेरून येत राहिला. संपाने मालकाची कोंडी व्हायची, त्याऐवजी त्याची यंत्रे, मजुरी आणि वीजबिल यांच्यापासून सुटका झाली.

कमिटीसमोर दोन सूचना आल्या. एक: भिवंडीला गेलेल्यांची नावे गेटवर फळ्यावर लिहा. दुसरी, उरलेल्या बदल्याची: "आम्हाला बदली म्हणून दिवस मिळत नव्हता, संपात तर आठवडाही नाही. फळ्यावर नाव लिहाल तर लिहा, पण पोराच्या शाळेची फी कोण देणार तेही लिहा." नावे लिहिली गेली नाहीत. पण दुसरे काहीही झाले नाही. भिवंडीत जाऊन त्या मागवाल्यांनाच संघटित करावे, किमान मुंबईच्या गिरण्यांचे कापड विणू नका एवढे म्हणावे, हा विचार आपल्या कमिटीत एकदाच निघाला आणि 'ते डॉक्टर बघतील' म्हणून बाजूला पडला. खरे तर आपल्या गिरणीचा माल भिवंडीच्या कोणत्या पेठेत विणला जातो हे कमिटीला नेमके ठाऊक होते, कारण तो भिवंडीतला बदली पूर्वी कमिटीतच होता.

१९८३ मध्ये गिरण्या हळूहळू, अर्ध्या-पाऊण माणसांवर सुरू झाल्या. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्र सरकारने मुंबईतल्या १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. आपल्या गिरणीत निम्म्याहून कमी माणसे परत घेतली. निवडीचा निकष कोणी सांगितला नाही. कमिटीतल्या अकरांपैकी चौघे आत गेले. जॉबर त्यांत होते. दोन्ही बदली नव्हते.

चौथा निर्णय: निवडणूक

३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींची हत्या झाली. डिसेंबरच्या अखेरीस लोकसभेची निवडणूक. देशभर काँग्रेसची लाट. चारशेहून जास्त जागा. त्या लाटेत मुंबई दक्षिण मध्य मतदारसंघातून डॉ. दत्ता सामंत अपक्ष म्हणून निवडून आले.

कमिटीत तेव्हा सहा जण उरले होते. पाच जण प्रचाराला उतरले. काकांनी नकार दिला, पण मत डॉक्टरांनाच दिले. प्रचार कसा झाला हे ऐकण्यासारखे आहे. पैसा नव्हता. चाळीतल्या भजनी मंडळाचे टाळ-मृदंग घेऊन फेऱ्या निघाल्या. खानावळवाल्या बायका यावेळी घरोघर फिरल्या. तीन वर्षांत कमिटीने त्यांना पहिल्यांदाच एखादे काम सांगितले. साचेवाल्याची बायको म्हणाली, "संपाला कोणी विचारलं नाही, मताला विचारलं." ती तक्रार होती की नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळले नाही.

निकालाच्या रात्री गुलाल उडाला. पुढच्या आठवड्यात बैठक बसली आणि काकांनी शांतपणे प्रश्न टाकला: काळा कायदा कोणाचा? मुंबई औद्योगिक संबंध कायदा हा राज्याचा कायदा. तो बदलायचा तर विधानसभेत. आपण माणूस पाठवला दिल्लीला. तिथे तो एकटा, समोर चारशे. शिवाय आपले निम्मे कामगार आता रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरला. त्यांनी तिथे मत दिले किंवा दिलेच नाही. गिरणगावातून निवडून आलो ते गिरणगाव अजून आहे म्हणून. गिरणीच्या गेटवर आपण उरलो नाही.

मार्च १९८५ मध्ये विधानसभा निवडणुका झाल्या. सामंतांची कामगार आघाडी मैदानात उतरली, पण सरकारला हात घालता येईल असे बळ मिळाले नाही. वसंतदादांच्या नेतृत्वाखाली काँग्रेस पुन्हा सत्तेत आली. त्याच वर्षी मुंबई महापालिकेत शिवसेनेची सत्ता आली. मुंबई केंद्रशासित होईल या भीतीचा त्यात मोठा वाटा होता. डिसेंबरात ज्यांनी 'कामगार' म्हणून मत दिले होते, त्यांतल्या अनेकांनी चार-पाच महिन्यांत 'मराठी माणूस' म्हणून मत दिले. त्यांना दोन्ही वेळा आपण बरोबर आहोत असेच वाटत होते, आणि मला तरी त्यात दुटप्पीपणा दिसत नाही. गेटवरची रोजची भेट तुटली की माणूस दिवसाचे बाकीचे तास ज्या नावाने जगतो, त्याच नावाने मत देतो.

१९८९ मध्ये त्याच लोकसभा मतदारसंघात सामंतांची जागा गेली. तिथून निवडून आले वामनराव महाडिक, १९७० च्या परळ पोटनिवडणुकीतलेच.

हाती काय आले

पगारवाढ नाही, कायदा बदलला नाही. मुंबईत एक लाखाच्या आसपास नोकऱ्या गेल्या असे सर्वसाधारणपणे मानले जाते. अंदाज कमी-जास्त आहेत. जून १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणात गिरणी, यंत्रमाग आणि हातमाग यांच्यातला जुना भेद पुसट झाला, आणि यंत्रमागाचे पारडे आणखी जड झाले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा प्रश्न उघड्यावर आला. १६ जानेवारी १९९७ ला पवईत डॉ. सामंतांची हत्या झाली.

कमिटीतल्या माणसांचे म्हणाल तर: साचेवाला साताऱ्याला गेला, नंतर परत येऊन वॉचमन झाला. विक्रोळीचा धाकटा भाऊ ती खोली चालवत राहिला. उरलेला बदली रिक्षा चालवू लागला. जॉबर निवृत्तीपर्यंत गिरणीतच. काका १९८३ मध्ये निवृत्त व्हायचे होते. त्यांचे सेवानिवृत्तीचे पैसे मिळायला पुढे बरीच वर्षे लागली.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट, काकांची वाट अर्धी तरी चालायला हवी होती. संप थांबवून सभासद नोंदवायची गरज नव्हती. संपाबरोबरच नोंदणी करता आली असती. कायदा मोडणाऱ्या संघटनेला त्याच कायद्याने मान्यता मिळणे अवघड होते हे खरे. पण वह्यांत नाव, गाव, घरचा पत्ता आणि खाते लिहिलेले असते, तर गावी गेलेल्यांशी संपर्क राहिला असता. पावसाळ्यातल्या बैठकीत 'किती जणांना परत जायचंय' याला उत्तर असते. आपल्या कमिटीकडे तीन वर्षांत अशी एकही वही नव्हती. सभा होत्या, मोर्चे होते, जेलभरो होते.

दुसरी, परत येण्याची अट. मी इथे जॉबरच्या बाजूने थोडा झुकतो, हे मान्य करतो. जॉबर मालकाचा माणूस मानला जायचा, आणि पुढे तो आत गेला म्हणून त्याचे जुने म्हणणेही सगळ्यांनी खोडून काढले. पण मान्यता कोणाकडे हा प्रश्न त्यानेच पहिल्या दिवशी विचारला होता. अंतरिम वाढ घेऊन सगळे एकत्र आत गेले असते, तर गेट आपल्या हातात राहिले असते आणि निवडणुकीपर्यंत लढणारी फौज गिरणीच्या आत असती. याला प्रतिवाद असा की आत गेल्यावर पुढाऱ्यांना आधी काढले असते. तोही खरा असेल. पण जे १९८३ मध्ये झाले तेही तेच: परत घेताना पुढारी आधी गाळले गेले, फक्त तोवर दीड वर्ष उपास घडला होता.

तिसरी, भिवंडी. यंत्रमागवाला कामगार गिरणी कामगाराचा शत्रू नव्हता, बऱ्याचदा त्याचा चुलतभाऊ होता. मालकाने उत्पादन भिवंडीला हलवले, संघटना परळलाच राहिली. निदान ज्या गिरणीच्या कमिटीला आपला माल कोणत्या पेठेत विणला जातो हे माहीत होते, तिने तिथे जाऊन चार माणसांशी बोलायला हवे होते.

चौथी, निवडणूक. उमेदवारी चुकीची होती असे मी म्हणणार नाही. गिरणगावाने त्या लाटेत अपक्ष कामगार नेत्याला निवडून दिले, त्याचे मोल आहे. पण आपल्या कमिटीत निवडणुकीची चर्चा पहिल्यांदा झाली डिसेंबर १९८४ मध्ये, संप सुरू झाल्यावर जवळजवळ तीन वर्षांनी. कोणता कायदा, कोणत्या सभागृहात, किती आमदारांच्या बळावर बदलायचा, हे गणित जानेवारी १९८२ मध्ये मांडले असते, तर लोकसभेपेक्षा विधानसभेची तयारी आधी सुरू झाली असती, आणि गिरणगावाबाहेर, जिथे निम्मा कामगार परतला होता त्या साताऱ्या-रत्नागिरीतही. गावाकडून तांदूळ मागायला कमिटीची माणसे गेली होती. कायद्याबद्दल बोलायला कोणी गेले नाही.

आणि बायका. त्याबद्दल वर लिहिलेच आहे.

पुढे, २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली. अर्ज कोणाला करता येईल यासाठी जी तारीख धरली ती १ जानेवारी १९८२. त्या दिवशी किंवा त्यानंतर गिरणीच्या हजेरीपटावर नाव असल्याचा पुरावा लागतो. साचेवाल्याच्या मुलाने घर पालथे घातले. ट्रंकेत गिरणीचे हजेरी-तिकीट सापडले, प्रॉव्हिडंट फंडाची एक चिठ्ठी सापडली. रिक्षा चालवणाऱ्या बदल्याकडे कागद नव्हता. त्या जानेवारीत किती दिवस भरले ते त्याला तोंडपाठ होते, कारण सोळा तारखेला त्याला शेवटची पाळी मिळाली होती.